दुसऱ्या खेळाडूचं पिल्लू

नव्या फोनसाठी रांगेत उभा असलेला माणूस रांग सोडून आमच्या दुकानात शिरला, तेव्हा मामाला वाटलं त्याला चक्कर आली. मामा पाण्याचा ग्लास घेऊन धावला.

शेजारच्या चकचकीत दुकानात त्या दिवशी फोनचं नवं मॉडेल येणार होतं आणि रांग आमच्या पायरीवरून पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. असल्या दिवशी माझं डोकं सकाळपासूनच तापलेलं असतं. एक तर आमच्या गिऱ्हाइकांना आत यायला वाट राहत नाही. आणि दुसरं म्हणजे, रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात एक धडधाकट फोन असतो आणि त्याच फोनवर वेळ काढत ते नव्या फोनची वाट बघत असतात! आमचं दुकान दुरुस्तीचं. आधी नुसतं मामाचं, आणि मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केल्यापासून माझंही. तेव्हा माझ्या रागाला काही अर्थ होता.

बाहेर भुरभुर चालू होती. त्या माणसाच्या केसांवर पाण्याचे बारीक बारीक थेंब होते. मामाने दिलेला ग्लास त्याने हातात घेतला, पण तोंडाला लावलाच नाही. तो माझ्या टेबलावरच्या पडद्याकडे बघत होता. पडद्यावर एक पांढरी बदकीण तुरुतुरु चालली होती आणि तिच्या मागे तिचं पिवळं पिल्लू.

"हा खेळ... अजून चालतो?"

"चालतोय की. दिसत नाहीये का?" मी म्हटलं.

"आम्ही लहानपणी खेळायचो हा. ताई आणि मी. ताई बदकीण, मी पिल्लू." एवढा मोठा माणूस, पण 'मी पिल्लू' हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं, की मला हसू आवरेना. ते लपवायला मी रांगेकडे बोट दाखवलं.

"तुमचा नंबर जाईल."

"जाऊ दे."

"हातातल्या फोनला काय झालंय?"

"काही नाही."

"मग?"

"नवा आलाय ना!"

"बायकोच्या बाबतीतही हेच धोरण आहे का?"

अनोळखी माणसाशी मी असं कधी बोलत नाही. खरंच नाही. मामा मागून खाकरला. पण तो हसला... आधी डोळे, मग गालावरची एक खळी, आणि मग सगळा चेहरा.

"बायको नाहीये. जुनीही नाही, नवीही नाही. सगळ्याच गिऱ्हाइकांची अशी चौकशी करता?"

"तुम्ही कुठे गिऱ्हाईक आहात?"

"होतो की. घरी माझा त्या खेळाचा रिमोट वर्षानुवर्षं पडलाय, बंद झाला असणार. उद्या घेऊन येतो."

"कंट्रोलर म्हणतात त्याला."

"आमच्याकडे रिमोटच म्हणायचे," तो म्हणाला, आणि रांगेकडे ढुंकूनही न बघता रस्ता ओलांडून निघून गेला. मामाचा ग्लास घेऊन.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्लास आणि कंट्रोलर, दोन्ही आले. ग्लास धुतलेला होता.

तो फिजिओथेरपिस्ट होता. समोरच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर त्याचा दवाखाना. खिडकीत निळा पडदा असलेला तो दवाखाना मी इतकी वर्षं बघत होते, पण पडद्यामागे कोण आहे याची चौकशी कधी केली नव्हती. त्याने मात्र आल्या आल्या माझी चौकशी सुरू केली, आणि तीही माझ्या मानेची.

"दिवसभर अशाच बसता? मान खाली घालून?"

"नाही, अधूनमधून तुमच्यासारख्यांशी बोलायला वर करते."

"मग जास्त वेळा यायला हवं मला. तुमच्या भल्यासाठी." तो टेबलावरचा भिंगाचा दिवा निरखत होता. "माझं घर मानांवर चालतं, मॅडम. फोनमध्ये डोकं खुपसून बसलेल्यांच्या मानांवर."

"आणि फोनच्या रांगेत तुम्हीच पुढे!"

"मी फोनला कधी नावं ठेवली? लोकांनी फोन टाकून दिले तर मी उपाशी मरेन."

माझं एकदा सुरू झालं की थांबत नाही, हे मामाला माहीत आहे. त्यालाही त्या दिवशी कळलं. मी त्याला सांगितलं, की हल्लीचे फोन डिंकाने चिकटवलेले असतात, बॅटरी बदलायची तर आधी शेक द्यावा लागतो. कानात घालायची ती गोजिरवाणी यंत्रं तर उघडतच नाहीत, मेली की फेकायची. आणि हल्लीच्या गेममध्ये खेळ कमी आणि दुकान जास्त. टोपी हवी? विकत घ्या. तलवार हवी? विकत घ्या.

"ज्याचं झाकण मला उघडता येत नाही, ती वस्तू माझी नाही," मी शेवटी म्हटलं. "आणि जे आत काय आहे ते दाखवत नाही, त्यावर माझा विश्वास नाही. यंत्र असो की माणूस."

"बाप रे," तो म्हणाला. "मग हा बदकांचा खेळ कसा चालतो तुम्हाला?"

"कारण तो उघडा आहे. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. पण त्यातल्या एकाने सगळा प्रोग्राम लोकांना देऊन टाकला. कुणीही बघा, कुणीही सुधारा. म्हणून तर आजच्या पडद्यावर चालतोय."

"फुकट? फुकटात कोण सुधारत बसतं?"

"मी."

त्याने वळून माझ्याकडे बघितलं. मी जरा मऊ होऊन सांगितलं, "नव्या पडद्यांवर तळ्याचं पाणी जांभळं दिसायचं. ते मी निळं केलं."

तो पडद्याजवळ वाकला. बदकीण तळ्याकाठी उभी होती. कितीतरी वेळ तो ते पाणी बघत राहिला.

"हाच निळा होता," तो हळूच म्हणाला. "अगदी हाच... थँक यू."

त्या पाण्यासाठी मला आजवर कुणी थँक यू म्हटलं नव्हतं. मी उगाच पेचकस शोधायला लागले. पेचकस हातातच होता.

मग त्याने येण्याचं खरं कारण सांगितलं. ताई जहाजावर इंजिनीअर. महिनाअखेरीला घरी येणार होती, आणि मग दूरच्या बंदरावर कायमची नोकरी घेऊन जाणार होती. जायच्या आधी त्याला तिच्याबरोबर एकदा हा खेळ खेळायचा होता. आणि पुरा करायचा होता.

"पुरा झाला नव्हता?"

"शेवटचं दार राहिलं. तिथे दोन दगड आहेत, एकमेकांपासून लांब. एकावर बदकीण आणि दुसऱ्यावर पिल्लू, दोघं एकाच वेळी उभी राहिली तरच दार उघडतं. ताई तिच्या दगडावर जायची. पण माझं पिल्लू काही केल्या माझ्या दगडावर थांबायचं नाही. धावत तिच्याकडेच जायचं." तो हसला, पण खळी पडली नाही. "बाकी सगळा खेळ मी फार छान खेळायचो हो. ताई 'उडी!' म्हणायची की लगेच उडी. एकदासुद्धा पाण्यात पडलो नाही. फक्त त्या दारापाशीच काय व्हायचं कोण जाणे. ताई म्हणायची, राहू दे रे. आणि माझ्यामुळे राहिलंच."

तो गेल्यावर मी कंट्रोलर उघडला.

आतली वायर तुटलेली नव्हती. कापलेली होती. कात्रीने, नीट, सगळ्या बारीक तारा एका रेषेत. आणि टोकं एकमेकांना लागू नयेत म्हणून त्यांना जखमेवर लावायची चिकटपट्टी गुंडाळली होती, लहान बोटांनी गुंडाळावी तशी, जरा वाकडी. वर झाकण, वर स्क्रू. बाहेरून बघणाऱ्याला वायर व्यवस्थित जोडलेलीच दिसणार. बटणांखालचं रबर मात्र झिजून पार गुळगुळीत झालं होतं. कुणीतरी ती बटणं वर्षानुवर्षं जीव तोडून दाबली होती.

मी खेळाचा प्रोग्राम उघडला. तो उघडाच असतो, तेच तर त्याचं मोठेपण. शोधायला वेळ लागला नाही. दुसऱ्या खेळाडूने एकही बटण दाबलं नसेल, तर पिल्लाने आपोआप आईमागे चालावं, आई उडी मारेल तेव्हा उडी मारावी, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं.

म्हणजे तो कधी खेळलाच नव्हता. ताई खेळत होती आणि तो तिच्या शेजारी बसून, जिभेचं टोक बाहेर काढून, मेलेली बटणं दाबत होता. आणि शेवटच्या दारापाशी त्याचं काहीही चुकलं नव्हतं. आपोआप चालणारं पिल्लू वेगळ्या दगडावर थांबणार तरी कसं?

मी तारा डाख देऊन जोडल्या. डाखाचा धूर डोळ्यांत गेला म्हणून डोळे पुसले. धुरामुळेच.

दुसऱ्या दिवशी तो दारातूनच म्हणाला, "वाचला का पेशंट?"

"वाचला. वायर तुटली होती."

'कापली होती' म्हणायचं ते मी 'तुटली होती' म्हटलं. त्याचा चेहरा असा काही उजळला होता की मला दुसरं बोलवेना. त्याला दार उघडलं नाही याचं दुःख होतं, आणि ते दुःख मी एका वाक्यात दूर करू शकत होते. पण त्याच वाक्यात त्याच्या लहानपणीच्या सगळ्या उड्या गेल्या असत्या. मी झाकण घट्ट लावून कंट्रोलर त्याच्या हातात दिला.

आणि मग जे व्हायचं ते झालं. मी बदकीण घेतली, त्याने पिल्लू घेतलं. पहिल्याच ओढ्यात पिल्लू पाण्यात. दुसऱ्या ओढ्यात पिल्लू पाण्यात. तिसरा ओढा लांबच राहिला, पिल्लू आधीच एका झुडपात शिरून भिंतीला धडका देत बसलं.

"हे असं नव्हतं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"माझं पिल्लू असं नव्हतं. शहाणं होतं. तुम्ही वायर उलटी तर नाही ना जोडली?"

आता, माझ्या कामाला कुणी नावं ठेवली तर मी त्याला पायरीवरून खाली उतरवते. त्या दिवशी मी जीभ चावली आणि म्हटलं, "सवय गेली असेल तुमची."

"पोहण्याची सवय जाते का कधी?"

"पोहत तर आहेच की पिल्लू. बघा, पुन्हा पाण्यात गेलं."

तो इतका मोठ्याने हसला की मामा आतून बघायला आला. आणि मग ठरलं, की रोज दुपारी त्याच्या जेवणाच्या सुटीत त्याने इथे येऊन सराव करायचा. कुणी ठरवलं ते आठवत नाही. मी 'या' म्हटलं नव्हतं, आणि 'येऊ नका' असंही म्हटलं नव्हतं.

"तुझे मानमोडे आले गं," मामा रोज आतून ओरडायचा. पहिल्यांदा मी म्हटलं, "माझे काय, मामा? गिऱ्हाईक आहे ते." नंतर नंतर म्हणायचं सोडून दिलं.

तो यायचा, डबा माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवायचा आणि पिल्लाला बुडवायचा. त्याची खोड एकच होती. मी उडी मारायच्या आधीच तो उडी मारायचा.

"घाई का करता? मी सांगेन ना."

"ताईपण सांगायची. तेव्हा बरोबर जमायचं."

त्याचा अंगठा बटणावर फारच जोरात दाबला जात होता, नख पांढरं पडेपर्यंत. न चालणारं बटण दाबून दाबून लागलेली ती सवय होती, हे दुकानात फक्त मला माहीत होतं. मी माझा अंगठा त्याच्या अंगठ्यावर ठेवला.

"इतका जोर नाही लागत. अलगद... बघा... एवढंच पुरतं."

पिल्लाने टुणकन उडी मारली आणि ते ओढ्यापलीकडे जाऊन उभं राहिलं. आम्ही दोघंही पडद्याकडेच बघत राहिलो. अंगठा काढायचं मात्र दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"आता माझी पाळी," तो थोड्या वेळाने म्हणाला. त्याने भिंगाचा दिवा उचलला, माझे दोन जाडजूड जुने ग्रंथ त्याखाली सरकवले आणि दिवा वर ठेवला. "बसा. मान सरळ. वाकायचं नाही. काम डोळ्यांसमोर आलं पाहिजे, डोळे कामामागे जायला नकोत." मग विचारलं, "हात लावू?" मी मान हलवली. त्याने दोन बोटांनी माझी हनुवटी जराशी वर केली. बस, तेवढंच. पण त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या फोनला मी दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा पडदा बसवला.

मला तो आवडायला लागला होता, हे मी आता कशाला लपवू? फोनवेडा, चकचकीत वस्तूंवर भाळणारा, रोज माझ्याशी वाद घालणारा. "तुमचं ते फुकट सॉफ्टवेअर उघडलं की मला विमान चालवायला बसल्यासारखं वाटतं," म्हणायचा. "सतराशे साठ बटणं, आणि हवं ते एकही सापडत नाही." त्यात तथ्य होतं, म्हणून मला आणखीच राग यायचा. पण त्याने त्याच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर तेच सॉफ्टवेअर घातलं, मला न सांगता, आणि व्यायामांची चित्रं त्यात काढायला शिकला. पहिलं चित्र मला आणून दाखवलं. भिंगाच्या दिव्याखाली ताठ मानेने बसलेली एक बाई होती. नाक फार मोठं काढलं होतं.

आणि जसजसा तो आवडत होता, तसतसं ते झाकण मला टोचत होतं. जे आत काय आहे ते दाखवत नाही त्यावर माझा विश्वास नाही, असं छातीठोकपणे सांगणारी मी! खणात ती चिकटपट्टी जपून ठेवून, त्याच्यासमोर तोंड वर करून बसत होते.

ताई यायच्या आदल्या दुपारी आम्ही शेवटच्या दारापाशी पोहोचलो.

माझी बदकीण डावीकडच्या दगडावर गेली. पिल्लू मध्येच थांबलं. माझ्या शेजारी त्याने बटणावर अंगठा अलगद ठेवला आणि पिल्लू उजवीकडे वळलं. एक उडी. दुसरी उडी. आणि ते दगडावर उभं राहिलं. एकटं, स्वतःचं स्वतः. दार करकरत उघडलं, आणि पलीकडे आणखी एक, मोठं निळं तळं.

त्याने दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. मामाने टाळ्या वाजवल्या. मग तो खुर्चीत मागे टेकला आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"म्हणजे जमण्यासारखं होतं," तो म्हणाला. "तेव्हाही जमलं असतं. मीच घाबरट होतो, तिला सोडून लांब उभं राहायला. उद्या ताईला पहिल्यांदा सॉरी म्हणणार आहे. माझ्यामुळे तिचा खेळ राहिला."

सॉरी! तो तिला सॉरी म्हणणार होता!

उद्या तो तिच्यापुढे उभा राहून, कधी न केलेल्या चुकीची माफी मागणार, आणि मी इथे गप्प बसणार? मी खण उघडला. चिकटपट्टी आणि तारांचे कापलेले तुकडे त्याच्यापुढे ठेवले.

"वायर तुटली नव्हती. कापली होती. तुमच्या हातातून काही चुकलं नाही... तुमच्या हातात ते पिल्लू कधी नव्हतंच." मग मी त्याला सगळं सांगितलं. अडखळत, पण सगळं.

त्याने चिकटपट्टी उचलली आणि बोटांनी सरळ केली.

"ही माझ्या गुडघ्यांसाठी आणलेली असायची," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तुम्ही झाकण लावून दिलंत." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "दुसऱ्या कुणाचं काही वाटलं नसतं. पण तुम्ही..."

तो उठला. डबा घेतला, चिकटपट्टी घेतली. कंट्रोलर तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला नाही. मामा आतून काही ओरडला नाही, उलट चहा स्वतः करून माझ्यापुढे ठेवला, यावरूनच माझं तोंड कसं झालं असेल ते कळतं. दिवा त्या दोन ग्रंथांवर उंच उभा होता. मला वाकता येईना आणि ग्रंथ काढवतही नव्हते. मी चुकले होते. सांगण्यात नाही, उशीर करण्यात. समोरचा निळा पडदा दिवसभर ओढलेलाच होता.

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी एक उंच, रापलेली बाई दुकानात आली. इंजिनांच्या आवाजात बोलायची सवय असलेला खणखणीत आवाज.

"तो कंट्रोलर उघडणारी तूच का गं?"

मी उभी राहिले. तिच्या मागे, दारातच, तो.

"विमानतळावर हा बाबा चिकटपट्टी घेऊन उभा," ताई म्हणाली. "कशी आहेस नाही, प्रवास कसा झाला नाही. पट्टी पुढे केली!"

"मग?"

"मग काय? रडले. सामानाच्या गाड्या लावतात ना, तिथे उभी राहून. लोकांना वाटलं, सामान हरवलं." तिने खुर्ची ओढली. "अगदी सुरुवातीला, याला आठवतही नसेल, हा पाण्यात पडला की भोकाड पसरायचा. भोकाड पसरलं की आई येऊन स्विच बंद करायची. आणि याला खोलीबाहेर घालवून एकटीने खेळले तर मजाच यायची नाही. मी तरी काय करणार? घेतली कात्री."

"आणि दार?" मी विचारलं.

तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "ते दार आहे हे मला कुठे माहीत होतं? तिथे पोहोचले आणि कळलं. तारा परत जोडायला बसले, तर जमेना. याला सांगायचं धाडस होईना. हा आपला 'सॉरी ताई, सॉरी ताई' करायचा, आणि मी 'राहू दे रे'." तिने मागे वळून भावाकडे बघितलं. "इकडे ये. तिथे काय खांबासारखा उभा आहेस? खेळ लाव."

ताईला काहीच आठवत नव्हतं. बदकीण पहिल्याच ओढ्यात बुडाली.

"उडी, ताई! उडी!" तो ओरडत होता. "आधी नाही, मी सांगेन तेव्हा... आता!"

आणि बदकीण पिल्लामागून चालली. ओढ्यांवरून, झुडपांतून, शेवटच्या दारापर्यंत. ताई तिच्या दगडावर गेली. त्याने पिल्लू उजवीकडे वळवलं आणि तिच्यापासून लांब, आपल्या दगडावर नेऊन उभं केलं. दार उघडलं. निळं पाणी बघून ताईने नुसता त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याचे केस विस्कटले, आणि त्याने ते विस्कटू दिले.

"मामा," ती जरा वेळाने नाक ओढत म्हणाली, "मागे पंप बंद पडलाय म्हणत होता हा. दाखवा बरं."

आमच्याकडे पंप नाहीच. पण मामा हुशार माणूस आहे. "या, या," म्हणत तो तिला मागे घेऊन गेला.

आम्ही दोघंच उरलो. मी स्क्रू गोळा करायला लागले.

"अजून रागावलायत?" मी स्क्रूंना विचारलं.

"रागावलो होतो. खूप." तो दिव्याजवळ येऊन उभा राहिला. "पण मग वाटलं, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं. मी दुसऱ्या दिवशी येणार नाही हे माहीत असूनही तुम्ही सांगितलंत."

"मला वाटलं, तुम्ही परत येणारच नाही."

"मलाही तसंच वाटलं होतं. सकाळी जिना उतरलो आणि ताईला घेऊन इकडेच वळलो." तो थांबला. कंट्रोलरची वायर बोटाभोवती गुंडाळत, सोडत. "मामांना वाटतं, पिल्लू मागे लागलंय तुमच्या..."

"मामाचं काय ऐकता?"

"ऐका ना. ते पिल्लू आपोआप यायचं. मी तसा येत नव्हतो. रोज दुपारी दवाखाना बंद करून रस्ता ओलांडत होतो ना... ते प्रत्येक बटण मी स्वतः दाबलंय. वायर जोडलेली होती. मुद्दाम येत होतो. मला तुम्ही आवडता."

मी मान वर केली. वाकावं लागलं नाही, तो अगदी डोळ्यांसमोर होता.

"मलाही मागे मागे येणारं कुणी नकोच आहे," मी म्हटलं. "आपल्या दगडावर उभं राहणारा हवाय... आणि मलाही तू आवडतोस. हे तुटलेलं नाही, कापलेलं नाही, आणि झाकणही नाहीये यावर. बघून घे."

"पुन्हा म्हण."

"काय?"

"तू."

मला लाजायला येतं हे मला त्या दिवशी कळलं. मी त्याला समोरचा पाण्याचा ग्लास दिला, काहीतरी द्यायचं म्हणून. तेवढ्यात मागून ताईचा खणखणीत आवाज आला, की इथे पंपच नाही, तर आता ती किती वेळ भिंतीकडे बघत उभी राहू?

दोघं निघाली. रस्त्यापलीकडे गेल्यावर त्याने वळून हात हलवला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मामाचा ग्लास पुन्हा त्याच्याच हातात आहे.

"अगं, हाक मार त्याला," मामा म्हणाला.

मी मारली नाही. दुपारी तो ग्लास परत आणून द्यायला येणारच होता, धुऊन.